पाच सेकंदांचा ठेका

कुस्तीच्या फडात हलगीवाल्याला सगळ्यात पुढची जागा, म्हणून लोकांना आमचा हेवा वाटतो. जागा पुढची असते हे खरं, पण कुस्ती काही आम्हाला दिसत नाही. आम्हाला दिसतात पंजे, मनगटं आणि टाचा. टाच मातीत रुतली की आता काहीतरी होणार, हे हाताला आधी कळावं लागतं. कुणी कुणाला चीत केलं, तो डाव ढाक होता की कलाजंग, हे कितीदा तरी मी घरी येताना पिकअपमध्ये पोरांना विचारून घेतो.

मी गुंजवणी खोऱ्यातला. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तरी सुपारी घेऊन येणारा अजून ‘वेल्ह्याची पार्टी’ म्हणूनच आम्हाला शोधत येतो. दोन हलग्या, एक घुमकं, एक कैताळ, एवढाच आमचा पसारा. चैत्र लागला की भोर-वेल्ह्याच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की दुसऱ्या दिवशी कुस्त्या. अडचण तिथूनच सुरू होते. हनुमान जयंतीच्या आसपास इतक्या गावांच्या जत्रा एकदम येतात, की एकाच दिवसासाठी हिर्डस मावळातून फोन, वेळवंड खोऱ्यातून फोन आणि नसरापूरकडूनही फोन. आणि आषाढात? भातलावणीला जा. हंगाम एवढासाच, त्यामुळे कुणी धंदा म्हणून यात उतरत नाही. आमच्यातले दोघे खेड-शिवापूरच्या बाजूला कंपनीत आहेत. जत्रेसाठी रजा मागायची तर साहेबाला कारण काय सांगायचं, हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न.

फड बहुतेक गावात भाताच्या खाचरातच होतो. पीक निघालेलं असतं, जमीन नांगरून, ढेकळं फोडून मऊ केलेली असते. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या. त्यांना साधा ठेका पुरतो, हातही गरम होतो. मग इनाम चढत जातं, तसा ठेकाही चढवायचा. पण सगळं सुरुवातीलाच वाजवून टाकलं तर मानाच्या कुस्तीला हातात काही उरत नाही. नवीन पोरगा इथेच फसतो. टाळ्या ऐकून त्याला जोर येतो आणि संध्याकाळी खरी जोड लागते तेव्हा त्याचा खांदा भरून आलेला असतो.

निकाली कुस्ती हा तर हलगीवाल्याचा कसच. दोन तुल्यबळ पैलवान मान धरून उभे राहिले की राहिले. हालचाल नाही, पण ठेका सोडता येत नाही, कारण हलगी पडली की कुस्ती पडली, असं गाव मानतं. तेव्हा उजव्या हातातलं टिपरू हलकं करायचं, डाव्या हातातली पातळ काडी चालू ठेवायची, आणि नजर मनगटावरून हलू द्यायची नाही. पकड बसली रे बसली की टिपरू पुन्हा वर.

यातून भांडणंही होतात. गावचा पैलवान खाली गेला की गावकरी म्हणतात, वाजवा, त्याला चेव येऊ द्या. वाजवलं की पाहुण्या पैलवानाचा वस्ताद अंगावर येतो, की तुम्ही गावाकडून वाजवताय. एका जत्रेत असा वाद एवढा वाढला की पंच कुस्ती सोडून आमची समजूत काढत बसला. तेव्हापासून आमच्या पार्टीत ठरलंय की ठेका पकडीबरोबर चढेल, पकड कुणाचीही असो. हे गावाला पटतंच असं नाही. बक्षिसाच्या नोटा त्या दिवशी कमी पडतात, एवढं नक्की.

माणसांचं एक वेळ जमवता येतं, कातड्याचं जमत नाही. हलगीला शेळीचं कातडं. एप्रिलच्या दुपारी ते आपोआप ताणलेलं असतं, ठणठणीत बोलतं. चारच्या सुमाराला तोरण्यामागून आभाळ भरून आलं, वळवाचे चार थेंब पडले, की तीच हलगी भदभद करायला लागते. मग बांधावर पेंढा पेटवायचा. पेंढ्याची आग चटकन भडकते आणि चटकन विझते, म्हणून बरी. लाकडाच्या धगीवर कातडं करपतं. हलगी आगीपासून हातभर लांब धरून गोल फिरवत राहायचं, मध्ये मध्ये अंगठ्याने टिचकी मारून कानाजवळ न्यायची. आवाज चढत जातो. एका ठरावीक सुरावर हात मागे घ्यायचा. अजून थोडं, अजून थोडं करणाऱ्याचं कातडं उभं फाटतं. आणि हे सगळं करत असताना मैदानातून माईकवर पुकारा चालू असतो, ‘हलगीवाले, हलगीवाले कुठं गेले?’ आता फायबरची पानं आली आहेत, ती पावसात उतरत नाहीत. अडीनडीला एक फायबरची आम्ही जवळ ठेवतो. पण तिचा आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा, नुसता कडकडाट. चढत्या ठेक्याला लागणारा दम त्यात नाही, असं माझं मत. पोरांना ती आवडते, हेही सांगायला हवं.

गादीवरच्या कुस्तीत हिशेब वेगळा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती, शिट्टी वाजली की सगळं थांबलं. ठेका चढवत न्यायला सवडच नाही. तिथे आम्ही थोडे पाहुणेच असतो.

खरी परीक्षा घेतली ती कबड्डीने. 2014 ला प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि खेड्यातल्या स्पर्धांनाही प्रत्येक गुणावर संगीत हवंसं झालं. 2024 मध्ये पुणेरी पलटण जिंकल्यावर तर भोरच्या बाजूला रात्रीच्या दिव्यातल्या स्पर्धांना ऊत आला. डीजे परवडत नाही तिथे आम्हाला बोलावणं. पहिल्याच सामन्यात आम्ही कुस्तीच्या सवयीने सलग वाजवायला लागलो आणि पंचाने हात वर करून ओरडून थांबवलं. बरोबरच होतं त्याचं. चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी कबड्डी’ असा दम पंचाला स्पष्ट ऐकू यावा लागतो. दम तुटला की तो बाद. हलगीच्या कडकडाटात दम तुटला की चालू आहे, हे कळणार कसं?

म्हणजे तीस सेकंदांची चढाई आणि ती चालू असताना आम्ही गप्प. चढाई संपली की पुढच्या संघाला पाच सेकंदांत आपला गडी पाठवावा लागतो. आमचं वाजवणं काय ते त्या पाच सेकंदांत. कुस्तीतला ठेका पसरायलाच तेवढा वेळ लागतो. तेव्हा पसरणं काढून टाकलं. कैताळाचा एक ठोका, दोन हलग्यांचा एकच चढता तुकडा, घुमक्यावर तोड, खल्लास. घुमकंवाल्याने नजर मध्यरेषेवर ठेवायची. पुढच्या गड्याचा पाय उचलला की तोड मारायची, तुकडा अर्धा राहिला तरी. हे बसवायला कुस्तीचे सगळे ठेके शिकण्यापेक्षा जास्त त्रास झाला. वाजता हात थांबवणं म्हणजे उतारावर बैलगाडी रोखणं. आणि दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी, गुण नाहीतर बाद अशी चढाई आली की प्रेक्षक ओरडतात, वाजवा! नेमकी तेव्हाच एक काडीही हलता कामा नये. भाटघरच्या पाण्यावरून रात्री दमट वारा येतो, गप्प बसलेली हलगी त्यात आणखी उतरते. कबड्डीला पेंढ्याऐवजी शेगडी बाळगावी लागते.

दहा वाजले की वेगळीच घाई. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर वाद्यं बंद, आणि अंतिम सामना हमखास दहानंतर.

घरात माझ्या या नादाला चुलत्यांचा विरोध होता. आज्याच्या काळी हलगीला कला म्हणत नसत; गावकीचं, चुकवता न येणारं काम होतं ते. मयतीपुढे वाजवायचं, लग्नात वाजवायचं आणि पंगत उठल्यावर लांब बसून खायचं. बाबासाहेबांच्या हाकेनंतर कितीतरी घरांनी वाजवणं टाकलं, आमच्याही. चुलते म्हणायचे, टाकलेलं परत कशाला उचलतोस? मी त्यांना एवढंच सांगितलं की मी सुपारी ठरवून, आगाऊ घेऊन वाजवतो आणि नको वाटलं तर नाही म्हणतो. त्यांना ते अर्धंच पटलं. मलाही कधी कधी अर्धंच पटतं; जत्रा कमिटी पैलवानांची इनामं, मंडप, माईक सगळं भागवून उरलेल्या वर्गणीत आमची बिदागी बसवायला लागते तेव्हा विशेष. पण आज आमचं घुमकं मराठ्याचा पोरगा वाजवतो आणि कैताळ धनगराचा. चुलत्यांनी त्या दोघांना एकदा घरी जेवायला बोलावलं आणि तुमच्या घरचे काय म्हणतात, हेच विचारत बसले.

मागच्या हंगामात एका गावाच्या कमिटीने हिशेब करताना सुचवलं, कबड्डीला तुम्ही पाच-पाच सेकंदच वाजवता, मग कुस्तीपेक्षा पैसे कमी घ्या. मी म्हटलं, तीस-तीस सेकंद गप्प बसतो त्याचे जास्त लावायला हवेत. अध्यक्ष हसले, पैसे मात्र ठरल्याप्रमाणेच दिले, आणि पुढच्या सालच्या तारखेची आगाऊ मागितली तर म्हणाले, आधी बघू, पोरं डीजे म्हणतायत.