पाचशे युनिट आगाऊ

प्रिय मित्रा,



तुझं पत्र मिळालं. नवे टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे, मीटर बसवायला माणसं आली आणि तुमच्या गल्लीत वादावादी झाली, हे वाचून हसू आलं. उभी हयात महावितरणच्या बिलिंगमध्ये घालवलीस, तेव्हा लोक तुझ्याच दारात येणार. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "तिकडे इंग्लंडात लोक मीटरशी चलाखी करतात, की सगळे हरिश्चंद्राचे अवतार?" त्याचं उत्तर सविस्तर द्यावं लागेल. चहा घेऊन बस.

इथे दर महिन्याला फोटो काढायला कुणी येत नाही. जिन्याखालच्या कपाटात विजेचा मीटर, घराबाहेरच्या पेटीत गॅसचा. ज्यांच्याकडे जुने मीटर आहेत त्यांनी स्वतः वाकून आकडे बघायचे आणि कंपनीच्या साइटवर भरायचे. तुम्ही लिहाल तो आकडा कंपनी बहुतेक वेळा मान्य करते. तपासायला माणूस कधीतरी उगवतो. तुझ्यासारख्याला हे वाचून घाम फुटेल.

आता 31 मार्च 2022 ची गंमत ऐक. दुसऱ्या दिवसापासून दर वाढणार होते. नियामकाने, म्हणजे ऑफजेमने, ठरवलेली कमाल मर्यादा सरासरी घरासाठी वर्षाला 1,277 पौंडांवरून 1,971 वर जाणार होती, एका झटक्यात 54 टक्के वाढ. वीज युनिटला साधारण 21 पेन्सवरून 28, गॅस 4 वरून 7. टीव्हीवर मार्टिन लुईस नावाचे गृहस्थ पैशांचे सल्ले देतात, आणि इथे त्यांचा शब्द म्हणजे वेदवाक्य. ते सगळ्यांना सांगत होते की आजच रीडिंग द्या, नाहीतर कंपनी अंदाज लावेल आणि तुमचे जुने युनिट नव्या दरात ढकलेल. सल्ला रास्तच होता. अख्खा देश एकाच दिवशी आकडे भरायला बसला आणि भल्याभल्या कंपन्यांच्या साइट कोलमडल्या.

दोन दिवसांनी पाडवा होता. इथली आमची दहा-बारा घरं एकत्र जेवायला जमलो, आणि श्रीखंडाच्या वाट्या फिरत असताना एक गृहस्थ खुशीत म्हणाले, "मी पाचशे युनिट चढवूनच दिले." म्हणजे मीटरवर जो आकडा होता, त्यात पाचशे मिळवून कळवला. अजून न जाळलेली वीज जुन्या दरात बिलात घालून घेतली. युनिटमागे 7 पेन्स वाचले, झाले 35 पौंड. गॅसमध्ये तर जास्त सुटतात. दोनशे घनमीटर चढवले तर त्याचे सव्वादोन हजार युनिट होतात, म्हणजे पासष्ट-सत्तर पौंड. कुणी "वा!" म्हणालं, कुणी ताटाकडे बघत राहिलं. मग जी जुंपली, ती आइस्क्रीम येईपर्यंत.

त्यांचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता, हे कबूल करायला हवं. ते म्हणाले, "पेट्रोल मध्यरात्रीपासून महागणार असेल तर आपण संध्याकाळीच टाकी फुल करतो. त्याला कुणी चोरी म्हणतं का? मीही पैसे भरतोच आहे, युनिट वापरणारच आहे." मी यावर बराच विचार केला. टाकी भरताना पेट्रोल आपल्या ताब्यात येतं, ते साठवायची जागा आपली, जोखीम आपली. इथे कंपनीने असली विक्री मांडलेलीच नाही. तिने विचारलं होतं, आजपर्यंत किती वापरलेत? आणि या गृहस्थांनी न वापरलेली वीज वापरली म्हणून सांगितली. व्यवहाराची ही चतुराई नव्हे, ही सरळ खोटी साक्ष.

कायदाही तसंच म्हणतो. इथल्या 2006 च्या फसवणुकीच्या कायद्यात खोटं सांगून फायदा उकळणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. पस्तीस पौंडांसाठी कुणी आत गेल्याचं मी ऐकलेलं नाही, पण कागदावर आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा होता: "कंपनीही अंदाजे बिल पाठवतेच की! तिने आकडा मनाने लिहिला तर अंदाज, आणि मी लिहिला तर फसवणूक?" इथे मात्र माझी बोलती थोडी बंद झाली. कारण मला तुमचा 2020 चा जून आठवला. लॉकडाऊनमध्ये रीडिंग थांबलं, हिवाळ्याच्या वापरावरून सरासरी बिलं गेली, आणि मग सगळा उन्हाळा एकाच बिलात लोकांच्या अंगावर पडला. किती शिव्या खाल्ल्या असशील तू! हिशोब नियमात बसत असेलही, पण माणसाला वाटतं की यांच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा. शेतीपंपांच्या नावावर जास्तीचे युनिट दाखवून गळती आणि चोरी झाकली जाते, हा ग्राहक संघटनांचा आरोप तर तू माझ्यापेक्षा जास्त ऐकला असशील. इथेही काही कमी नाही. 2023 च्या फेब्रुवारीत 'द टाइम्स'ने छापलं की थकबाकीदारांच्या घरात शिरून, आजारी-अपंग माणसं आहेत हे दिसत असूनही, जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवले जात होते. देशभर संताप झाला आणि ते काम थांबवावं लागलं.

तरीही फरक उरतोच. अंदाजाच्या बिलावर 'अंदाजे' असं छापलेलं असतं, आणि खरा आकडा दिला की ते दुरुस्त होतं. शिवाय कंपनीने बिल करण्यात दिरंगाई केली तर बारा महिन्यांपलीकडच्या वापराचे पैसे तिला मागता येत नाहीत, असा नियम आहे. ग्राहकाने स्वतःच लपवाछपवी केली असेल तर मात्र हे संरक्षण हातून जाऊ शकतं. हे मी ताटावर सांगितलं, तेव्हा गृहस्थांचा चमचा क्षणभर थांबला.

पण मला खरी खटकली ती वेगळीच गोष्ट. हा खेळ खेळता कुणाला येतो? स्मार्ट मीटर स्वतःच आकडा पाठवतो, त्या घरांना नाही. प्रीपेड मीटरवाल्यांना नाही. अशी चाळीस लाखांहून जास्त घरं होती, बहुतेक तुटपुंज्या मिळकतीची, आधी पैसे भरून मग दिवा लावणारी. त्यांची मर्यादा त्या वेळी आपल्याहूनही जास्त होती, 2,017 पौंड. मग उरले कोण? महिन्याच्या महिन्याला बँकेतून आपोआप हप्ता जाणारे, जुना मीटर असलेले, बऱ्यापैकी सुस्थितीतले आपण. आणि बुडालेले पैसे हवेत विरत नाहीत. 2021 पासून इथल्या जवळपास तीस छोट्या वीज-गॅस कंपन्या बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्यांकडे वळवण्याचा खर्च सरकारी लेखापरीक्षकांनी 2.7 अब्ज पौंड धरला, म्हणजे घरटी 94 पौंड. तो सगळ्यांच्या बिलात घातला, त्यातला बराचसा स्थिर आकारात. स्थिर आकार म्हणजे काय ते तुला सांगायला नको. एकही दिवा न लावणाऱ्या म्हातारीलाही तो चुकत नाही. कंपनीला धडा शिकवतोय म्हणून फुशारकी मारायची आणि पावती त्या म्हातारीच्या नावाने फाडायची, हे मला पटत नाही. 2022 मध्ये बक्कळ नफा कमावला तो गॅस आणि तेल काढणाऱ्यांनी, शेलसारख्यांनी. बिल पाठवणारी कंपनी बहुधा स्वतःच धापा टाकत होती.

यात विनोदही घडला. पाचशे युनिट एकदम चढलेले पाहून कंपनीच्या संगणकाला वाटलं, या घरात अचानक फार वीज जळू लागली. त्याने महिन्याचा हप्ता वाढवून टाकला! गृहस्थ फोनवर तासभर वाट बघत बसले, आणि तक्रार तरी काय करणार? पुढे 1 जुलै 2023 ला दर उतरले, तेव्हा हीच मंडळी उलटा हिशोब मांडू लागली: आता आकडा कमी सांगायचा, म्हणजे वापरलेले युनिट स्वस्त दरात सरकतील. एकदा सवय लागली की दर चढो वा उतरो, मीटर आपल्या मर्जीने फिरतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हरिश्चंद्र इथेही कमीच. इथे तारेवर आकडा टाकायला कुणी चढत नाही, खुर्चीत बसून टाकतात. ज्याला खरोखर बिल झेपत नव्हतं, त्याने चार आकडे चढवले असते तर मी तोंड उघडलं नसतं. पण ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत, त्याने हे करून वर शहाणपण सांगू नये.

आता तुझ्या गल्लीपुरतं एक सांगतो. जुना मीटर काढायला माणसं येतील तेव्हा प्रत्येकाने शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवावा, तारीख दिसेल असा, आणि बदलाच्या कागदावर तोच आकडा लिहिलाय ना हे बघूनच सही करावी. तू सांगितलंस तर ऐकतील.

तुझा,
इंग्लंडातला दोस्त