घोरणं थांबतं तेव्हा

आमच्या घरात घोरणाऱ्याचं कौतुक व्हायचं. 'पडला की घोरायला लागतो, नशीब लागतं अशा झोपेला,' असं सासूबाई आल्यागेल्याला यांच्याबद्दल सांगायच्या. नांदेडच्या उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं आणि यांचं घोरणं शेजारच्या गच्चीवरही पोचायचं. मला घोरण्याचा त्रास कधी वाटला नाही. घोरणं मधेच थांबायचं, तेव्हा मात्र अंगावर काटा यायचा. छाती वरखाली व्हायची, पण नाकातोंडातून हवा जातच नसायची. मग एकदम धडपडून श्वास आत घ्यायचे, कूस वळायचे आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी विचारलं तर म्हणायचे, "मस्त झोप झाली की."

हे सगळं मला ऐकू यायचं, कारण मीच नीट झोपत नव्हते. माझं माहेर औशाचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमचं घर उभं राहिलं, पण त्यानंतर कितीतरी महिने आम्ही छपराखाली झोपलो नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमून झोपलेली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली होती. माझ्या वयाच्या अनेक बायका सांगतात की त्यांना अजून पहाटे जाग येते. मीही त्यातलीच. जाग आली की पडल्या पडल्या यांचे श्वास ऐकत राहायचं.

करोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले. एका रात्री मी ते यांच्या बोटाला लावलं. घोरणं चालू असताना आकडा 94. थांबलं की थोड्या वेळाने 90, 86, 79. धडपडून श्वास घेतला की पुन्हा वर. सकाळी दाखवलं तर म्हणाले, "स्वस्तातलं मशीन आहे ते. आणि रात्री माझ्या बोटाशी काय करायलीस तू?"

पुढे लोह्याहून अहमदपूरच्या दिशेने जाताना यांचा डोळा लागला आणि गाडी साइडपट्टीवर उतरली. मी ओरडले म्हणून वाचलो. त्याच फेरीत लातूरला भावाने छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी यांना थोडंच विचारलं आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली. श्वास किती वेळ थांबतो, उताणं झोपल्यावर जास्त होतं का, रात्री लघवीला किती वेळा उठतात, सकाळी डोकं दुखतं का. झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराचा रोगी झोपलेला असतो, साक्षीदार जागा असतो, असं ते म्हणाले. मग यांना एक प्रश्नावली दिली. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये बनवलेली ही एपवर्थ प्रश्नावली जगभर वापरतात. टीव्ही बघताना डुलकी लागते का, दुपारच्या जेवणानंतर, तेही दारू न घेता, शांत बसलात तर झोप येते का, असे आठ प्रश्न. मे महिन्यात बेचाळीस अंशाला मराठवाड्यात जेवणानंतर ज्याला झोप येत नाही, त्यालाच खरं तर तपासायला हवं!

रात्री घरीच छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा लावून तपासणी झाली. तासाला सरासरी 43 वेळा श्वास अडत होता. किमान दहा सेकंदांचा अडथळा असेल तरच तो मोजतात, आणि तासाला तीसच्या वर गेलं की आजार तीव्र. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. ऑक्सिजन उतरला की मेंदू क्षणभर जागा होऊन वाट उघडतो. माणसाला हे जागं होणं आठवत नाही, पण हृदय आणि रक्तदाब त्याची किंमत मोजत राहतात. "पण मी कुठं जाडाय?" हे म्हणाले. डॉक्टरांनी यांची मागे सरकलेली हनुवटी दाखवली. आपल्याकडे जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसांनाही हा आजार गाठतो.

डॉक्टरांनी सांगितलेलं, नाकातून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन घरी आलं आणि मी वाचायला बसले. 1981 पूर्वी तीव्र रोग्यावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला कायमचं भोक पाडणं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीने नाकातून हवेचा दाब दिला आणि घसा उघडा राहिला. 'लॅन्सेट'मधला त्यांचा तो निबंध अवघ्या पाच रोग्यांवरचा. मुखवटा रोज रात्री नाकावर चिकटवावा लागायचा. आमचा सीपॅप त्याचाच नातू, बराच शांत स्वभावाचा. मात्र त्याच्या डबीत रोज डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं. माझा भाऊ म्हणाला, "2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालो आम्ही, अन् दाजी नाकानं पाणी प्यायलेत." वीज गेली तर काय, ही चिंता वेगळीच. इन्व्हर्टरची बॅटरी बदलणं हासुद्धा उपचाराचाच खर्च निघाला.

पहिले काही आठवडे हे मध्यरात्री मास्क काढून फेकायचे. त्यात एकटे हेच नव्हते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतातलेही रोगी होते, सीपॅपचा वापर रात्रीला सरासरी 3.3 तासच झाला. मशीनने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष निघाला; दिवसाची झोप मात्र कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. मला तो निष्कर्ष वाचून हसूच आलं. अर्धी रात्र उघड्या नाकाने झोपायचं आणि मशीनला नापास करायचं!

2024 मध्ये टिर्झेपेटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनाने लठ्ठ रोग्यांचे अडलेले श्वास तासाला सरासरी पंचवीस-तीसने कमी झाले आणि त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेने ते या आजारासाठी मंजूर केलं. यांच्या हनुवटीला त्याचा उपयोग नाही. यांना आवडली ती 2025 मधली जयपूरची बातमी. तीस रोग्यांपैकी काहींनी सहा महिने शंख फुंकला, तर त्यांची दिवसाची झोप उतरली आणि तासाला चार-पाच श्वास कमी अडले. घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो, असा तर्क आहे. मामंजींनी लगेच देवघरातला शंख यांच्या हातात दिला. मी म्हटलं, फुंका की, पण त्रेचाळीसातून पाच गेले तरी अडतीस उरतात. मशीन कोपऱ्यात जाणार नाही.

आता हे रात्रभर मास्क लावतात, आणि मला डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं, गोळी नसलेलं. जाग आली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, झोप आली तरच परत यायचं, आणि सकाळी ठरल्या वेळी उठायचंच. सुरुवातीला अंगात ताप असल्यासारखे दिवस गेले. भूकंपाची पहाट अजून येते, पण आता रोज नाही.

वाचताना एक गोष्ट खटकली. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी 2004 मध्ये 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 19.5 टक्क्यांच्या झोपेत श्वास अडत होता आणि दिवसा झोप येण्यासह पुरता आजार 7.5 टक्क्यांना होता. अभ्यास मोलाचाच, पण त्यात फक्त पुरुष. पुरुषाशेजारी बायको जागी असते. बाईच्या शेजारी कोण जागं असतं?

गेल्या लग्नसराईत लातूरला वहिनीच्या खोलीत झोपले. वहिनीला बीपी आहे, सकाळी डोकं धरून उठतात, दिवसभर थकलेल्या असतात; सगळे म्हणतात, वय झालं, पाळी गेली. पहाटे जाग आली तर त्यांचा श्वास थांबलेला. मी मोबाइल लावून ठेवला. चहाच्या वेळी भावाला सांगितलं तर म्हणाला, "बायका कुठं घोरतात का गं, ताई?"

त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. वहिनी आधी लाजल्या, मग भांडल्या. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, आणि छातीला पट्टा बांधायला भावाने नाही, मी यावं, असं त्यांनी बजावलंय.