काळी कढई



गेल्या महिन्यात सूनबाईनं माझी हार्ड ॲनोडाइज्ड काळी कढई डिशवॉशरमध्ये लावली. बाहेर आली ती पांढुरकी, हात लावला तर राखाडी भुकटी. दादानं दिलेली कढई! मी ताडकन बोलले, "आईनं काही शिकवलं नाही का?" ती गप्प राहिली. जेवतानाही मान वर केली नाही.

संध्याकाळी दादाला फोन केला. त्याचा ॲनोडायझिंगचा छोटा कारखाना होता. बी.कॉम. झाल्यावर लग्नापर्यंत तिथल्या वह्या मीच लिहीत असे. सल्फ्युरिक ॲसिड, कॉस्टिक सोडा, वीजबिल या नोंदी पाठ होत्या. काम मात्र कधी समजून घेतलं नव्हतं.

दादा म्हणाला, "अगं, ॲल्युमिनियमवर हवेनं आपोआप ऑक्साइडचा थर येतो, पण जेमतेम काही नॅनोमीटरचा. आम्ही भांडं अगदी गार ॲसिडच्या टाकीत सोडून विजेच्या धन टोकाला जोडायचो. मग वरच्या धातूचंच ऑक्साइड होत जातं. 25 मायक्रॉन किंवा त्याहून जाड, कठीण थर तयार होतो. तो मुलामा नव्हे, म्हणून सोलून निघत नाही. पण सोड्यात विरघळतो. थर बिघडला तर काढायला आम्ही कॉस्टिकच वापरायचो. डिशवॉशरची पावडर त्याच जातीची."

म्हणजे कढई पावडरनं खाल्ली होती. आणि खोक्यावरची सूचना मी तरी कुठे वाचली होती?

फोन ठेवला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा डबा आठवला. नवी सून असताना सासूबाईंच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात मी मीठ भरलं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं. असं ओलं मीठ तो पातळ थर जागोजागी फोडून आतला धातू खातं. दिवाळीच्या आवराआवरीत डबा उजेडात धरला, तर तळाला टाचणीएवढी भोकं! सासूबाईंनी डबा भंगारात टाकला, मिठासाठी चिनी मातीची बरणी काढून दिली. माझ्या आईचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेपुढे चहा ठेवला आणि म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "आई, तुमचा हात दुखतो म्हणून लावली होती हो."

आता त्या कढईत फक्त शेंगदाणे भाजते. चिंच, आमसूल, टोमॅटोचं काही करत नाही. तुमच्याकडे असं भांडं असेल तर साध्या साबणानं, मऊ घासणीनं हातानंच धुवा. धुण्याचा सोडा लावू नका, खारट-आंबट पदार्थ त्यात ठेवून देऊ नका. आणि ही सूचना सुनेला भांडं हातात देतानाच सांगा, बिघडल्यावर नको.