वेदनेचं औषध आणि पाचवं शील

गांजापासून बनलेल्या औषधाचा विषय निघाला की आपलेच कार्यकर्ते आम्हाला पंचशील ऐकवतात. म्हणून थोडं स्पष्ट बोलतो.

आम्ही पाठीचा कणा मोडलेली माणसं. कुणी परांचीवरून पडलो, कुणी पाठीवरच्या पोत्यासकट. लोकांना वाटतं, कमरेखाली संवेदना नाही म्हणजे दुखतही नाही. उलट आहे. जिथे टाचणी टोचलेली कळत नाही तिथेच रात्री आग होते, करंट बसल्यासारखं होतं. पाय अचानक ताठतात आणि माणूस खुर्चीतून घसरतो. कूस बदलायची राहिली तर जखम. लघवीसाठी दिवसातून चार-सहा वेळा नळी घालायची, ती अस्वच्छ राहिली तर ताप. बॅक्लोफेनने ताठरपणा कमी होतो, पण गुंगी येते. आणि पैसे नाहीत म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात. प्रीगॅबालिनने काहींची आग निवते, सगळ्यांची नाही.

गांजाने तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली त्याच्या अर्काच्या फवाऱ्याला मंजुरी मिळाली, तीही मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या ताठरपणासाठी. आमच्या दुखापतीबाबतचा पुरावा अजून तोकडा आहे. पण तो जमवणार कोण? १९८५ चा एनडीपीएस कायदा वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगाला वाव ठेवतो. नुसती पानं तर गांजाच्या व्याख्येतच येत नाहीत, म्हणून शिवरात्रीला भांग उघड घोटली जाते. कुंभमेळ्यात चिलीम ओढणाऱ्या साधूचा फोटो पेपरात छापून येतो (आणि तो फोटो काढणाऱ्याला बक्षीसही मिळतं!). वस्तीतल्या पोराच्या खिशात पुडी सापडली की मात्र सगळ्यांना कायदा आठवतो.

राहिलं पाचवं शील. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र खंधक आहे. पिलिंदवच्छ थेरांना वातविकार झाला तेव्हा बुद्धांनी मद्य घालून कढवलेलं तेल घ्यायला परवानगी दिली. अट एवढीच की मद्याचा रंग, वास, चव त्यात जाणवू नये. काही भिक्खू जास्त मद्य घालून ते पिऊ लागले, तेव्हा त्यांना रोखलंही. आम्हीही तेवढंच मागतो. डॉक्टरची चिठ्ठी, ठरलेली मात्रा, सरकारी रुग्णालयात रीतसर चाचणी. पुडी आम्हालाही नको आहे.

तोवर व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या तरुण मित्रांनी एक करावं. आपल्या वस्तीत कणा मोडलेलं कोण आहे ते शोधावं, घरी जावं आणि गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात ते विचारावं.