पेढीचे नाव

सोने ही विलक्षण वस्तू आहे. कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात कळतो, डाळ शिजते की नाही हे त्याच संध्याकाळी समजते. सोन्याचे खरेखोटे मात्र वीस-पंचवीस वर्षांनी, मोडीच्या वेळी उघड होते. आईने घेतलेल्या पाटल्यांचा कस मुलीच्या लग्नात कळतो. तोवर ग्राहकाच्या हाती असते एक पावती आणि कानी आलेला कोणाचा तरी अनुभव.

म्हणून सराफाची निवड घरातील वडीलधाऱ्या स्त्रियाच करीत आल्या. ‘त्यांच्याकडचे मोडले तेव्हा घट आली नाही,’ हे सासूचे एक वाक्य दुकानावरील रोषणाईपेक्षा भारी ठरे. ते ज्ञान तिने बहुधा आजारपणात किंवा नापिकीच्या वर्षी, दागिना मोडताना मिळवलेले असे. पेढीची कीर्ती ग्राहकाच्या अडचणीतून ठरते, हे गादीवर बसणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

अशी परीक्षा बँकेतही होते. सोनेतारण कर्जाच्या टेबलाशी मूल्यांकन करणारा सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासतो, आम्लाचा थेंब टाकतो आणि रेघ किती टिकते ते पाहतो. एका तालुक्याच्या गावी, पेरणीच्या तोंडावर, एक शेतकरी बाई लग्नातल्या पाटल्या घेऊन आली. पावतीवर बावीस कॅरट लिहिलेले होते. जोडांपाशी मात्र रेघ फिकी पडली. कर्ज अपेक्षेपेक्षा कमी बसले. बाईने आरडाओरडा केला नाही. बाकावर बसलेल्या दोघींना तिने फक्त दुकानाचे नाव सांगितले. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत ते गावभर झाले.

यात लबाडीच होती असे म्हणता येत नाही. जुन्या घडणीत झाळकामाला हलक्या कसाचा मिश्रधातू वापरीत. जोड जितके अधिक, तितकी आटवल्यावर घट अधिक. पण विकताना हे सांगण्याची चाल नव्हती, आणि मोड घेताना घट कापण्याची मात्र होती. पाटल्या मालकांच्या वडिलांच्या काळातल्या. मालकांनी बाईला बोलावून घेतले, जोडांतील घट आजच्या भावाने मोजली आणि रक्कम हाती ठेवली. मुलाने हरकत घेतली, “अण्णा, एकीला दिले तर उद्या सगळे येतील.” त्याचे म्हणणे हिशेबाला धरून होते, त्या वर्षी दुकानावर कर्जही होते. अण्णांनी अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांची आठवण करून दिली. अस्सलात हिणकस मिसळून विकणे हा त्यांतलाच एक. “येऊ देत,” एवढेच ते म्हणाले. लोक आलेही. काहींचे जोड खरोखर हलके होते, काहींचे दागिने त्या दुकानचेच नव्हते. वर्ष तंगीत गेले.

आज परिस्थिती बरीच बदलली आहे. भारतीय मानक ब्यूरोची सोन्यासाठी हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली; जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून तेथे सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकावाचून हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक कोणालाही पडताळता येतो. जे सासूला अनुभवाने कळे, ते सुनेला दुकानातच कळते.

तरी शिक्का शुद्धतेपुरताच बोलतो. घडणावळ किती लावली, खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने धरले का, परत घेताना काय कापतील, हे त्या क्रमांकात नसते. त्यासाठी आजही शेजारणीला विचारावे लागते.

ती बाई पुढे मुलीच्या मंगळसूत्रासाठी त्याच दुकानात आली, सोबत दोन जावा आणि भाचा. भाच्याने क्रमांक मोबाइलवर घातला. अक्षरे बारीक होती. अण्णांनीच आपले भिंग त्याच्यापुढे सरकवले.