मागे राहिलेल्या बहिणीची ओवी

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठांवर वसलेल्या परभणी जिल्ह्यात, तसेच एकूण मराठवाड्यात, जात्यावरच्या ओवीतला थोरला भाऊ हा बहुतेक वेळा येणारा माणूस असतो: पंचमीला किंवा दिवाळीला बहिणीला माहेरी न्यायला येणारा, म्हणजे मुराळी, चाट्याच्या, म्हणजे कापडविक्याच्या, दुकानातून चोळीचा खण घेऊन येणारा, भाचीच्या लग्नात आहेर घेऊन येणारा. ओवीतली बहीण सासरच्या दारातून वाटेकडे पाहते आणि त्या वाटेवर उडालेली धूळ, दिसलेली बैलजोडी, लांबून ओळखू आलेला पटका या सगळ्यांत त्याच्या येण्याची खूण शोधते. भावावरची ओवी अशी वाट पाहण्यावरच उभी असल्यामुळे, ज्याची वाट पाहायची तोच मरण पावल्यावर ती ओवी कशी रचायची, हा प्रश्न गाणाऱ्या बाईपुढे उभा राहतो आणि ओव्या लिहून घेणाऱ्यालाही तो चुकवता येत नाही.

मृत्यूनंतरचा पहिला शोक ओवीत नसतो, कारण जुन्या रीतीप्रमाणे सुतकाच्या दिवसांत घरात दळण-कांडण होत नाही. त्या दिवसांतला शोक हेल काढून केलेला असतो. हेल म्हणजे गेलेल्याला हाका मारीत, त्याचे गुण आठवीत, सुरावर केलेले रडणे. ते चारचौघींत, एकमेकींच्या गळ्यात पडून होते आणि नव्याने आलेल्या प्रत्येक बाईबरोबर पुन्हा सुरू होते. राख गंगेत, म्हणजे या भागात गोदावरीत, सोडून झाली, दहावे-तेरावे उरकले, सोयरे आपापल्या गावी गेले आणि बहीणही सासरी परतली, की मग कधीतरी पहाटे ती जात्यावर बसते. ओवी तिथे सुरू होते. ऐकणारे कोणी नसते, फार तर समोर खुंट्याला हात लावणारी जाऊ किंवा नणंद असते. हेल आणि ओवी यांत हा काळाचा व एकांताचा फरक असल्याने दोहोंना शोकगीत या एकाच नावाखाली घालणे अभ्यासाच्या दृष्टीने चुकीचे ठरते.

ओवी साधारणपणे दोन ओळींची असते. पहिली ओळ बाहेरचे काहीतरी दाखवते, पाऊस, झाड, रस्ता, नदीचे पाणी. दुसरी ओळ त्या दृश्यात नात्याचे माणूस आणून उभे करते. पहिली ओळ पुष्कळदा ठेवणीतली असते, म्हणजे अनेक गावांतल्या अनेक बायका ती जवळजवळ तशीच गातात, आणि गाणारीचे स्वतःचे कसब दुसऱ्या ओळीत दिसते. भाऊ गेल्यावर पहिली ओळ बदलण्याची गरजच पडत नाही. रस्ता तोच राहतो, बाभळही तीच राहते. फक्त दुसऱ्या ओळीत भावाच्या जागी त्याचा मुलगा येतो, किंवा भावजय येते, किंवा तोच येतो, पण क्रियापद भूतकाळात जाते. मरणाचा उच्चारही न करता एवढ्या लहान बदलातून ते सांगता येणे ही या रचनेची मोठी ताकद आहे, आणि लिखित मराठी शोककवितेला ती क्वचितच साधली आहे.

या रचनेला आणखी एक अडचण सोडवावी लागते. ओव्यांमध्ये बाई स्वतःचे मरण पुष्कळदा रंगवते, आणि त्यात भाऊ माहेरची साडी घेऊन येतो, कारण विवाहितेच्या अंगावरचे शेवटचे वस्त्र माहेरचे असावे अशी रीत आहे. म्हणजे बहीण आधी आणि भाऊ मागून, असा क्रम या गाण्यांनी गृहीत धरलेला असतो. थोरला भाऊ आधी गेला की हा क्रम मोडतो, आणि बहिणीच्या दुःखात आपल्या शेवटच्या वेळी माहेरहून कोण येईल ही काळजीही मिसळते. अशा ओवीत भाच्याचे नाव लाडाने घेतलेले असते तेव्हा त्यामागे ही काळजी आहे, हे न ओळखणाऱ्याला ती केवळ कौतुकाची ओवी वाटते.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात. त्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कथेत सत्येश्वरीचा भाऊ सत्येश्वर पंचमीच्या आदल्या दिवशी मरण पावतो, ती अन्न टाकते, आणि तो तिला नागरूपात दिसल्यावर ती त्या नागालाच भाऊ मानते. भावाच्या दीर्घायुष्यासाठी धरला जाणारा उपवास मुळात मेलेल्या भावासाठी उपाशी राहिलेल्या बहिणीच्या कथेवर आधारलेला असावा, ही गोष्ट फार बोलकी आहे. ज्यांचे भाऊ गेले आहेत त्यांना पंचमीच्या गाण्यांत परके वाटत नाही, याचे एक कारण या कथेत सापडते.

संतसाहित्यातही या नात्याची दोन टोके आहेत. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला, ज्ञानदेवांना, समजावतात. तो भाऊ दाराआड का होईना, हाकेच्या अंतरावर आहे. उलट नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत १२९६ साली आळंदीला धाकटा भाऊ ज्ञानदेव समाधिस्थ होताना सर्वांत थोरल्या निवृत्तिनाथांचा शोक येतो. पण थोरल्यामागे राहिलेल्या बहिणीला जवळची वाटावी अशी संत म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई, ज्यांच्या अभंगांत विठ्ठल स्वतः दळू लागतो. जात्याशी बसून, डोळ्यांना न दिसणाऱ्याला 'ये' म्हणण्याची वाट त्यांनी घालून दिली. गेलेल्या भावाला ओवीतून थेट हाक मारणारी बाई त्याच वाटेने जाते.

ओव्या छापताना मात्र यातले पुष्कळ हातचे जाते. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून ओव्या नात्यांनुसार लावण्याची पद्धत रूढ झाली, आणि ती सोयीची असली तरी 'भाऊ' या एकाच सदरात हयात आणि दिवंगत भाऊ शेजारी शेजारी येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रकल्पाने हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, ज्यांत पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्याही ओव्या आहेत; त्यातल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले, हे या कामाचे फार मोठे मोल आहे. कारण गाताना ओळीत येणारे 'बाई', 'गं', 'सांगते तुला' हे शब्द लिहिणारा भरतीचे म्हणून गाळतो, पण गेलेल्या भावाच्या ओवीत गाणारी नेमकी तिथेच थांबते, श्वास घेते आणि मग पुढच्या शब्दावर जाते. ते शब्द गाळणे म्हणजे तिचे थांबणे गाळणे आहे, म्हणून ते जसेच्या तसे उतरवले पाहिजेत.

आता ज्वारी गिरणीवर दळली जाते आणि जाते डाळ भरडण्यापुरते किंवा लग्नातल्या हळदीपुरते उरले आहे. तरीही हळदीच्या वेळी जात्याभोवती बायका गातात, आणि अंतरपाटाच्या वेळी नवरीमागे मामाने उभे राहण्याच्या रीतीमुळे गेलेल्या भावाची आठवण त्या मांडवात हमखास निघते. थोरला मामा नसेल तर धाकटा किंवा चुलत मामा उभा राहतो, आणि आदल्या दिवशीच्या गाण्यांत कोणाचे नाव घ्यायचे हे नवरीची आई ठरवते. संकलकाने अशा वेळी गाणारीचे नाव, गाव आणि तारीख यांच्याबरोबर भाऊ हयात आहे की नाही एवढेही टिपून घ्यावे. मात्र ते गाणे संपल्यावर, चहापाणी झाल्यावर, आणि शक्यतो बरोबरच्या एखाद्या बाईनेच विचारावे.