पाहुण्यांचे टोकियो

मुंबईवर कुणी परदेशी दिग्दर्शक चित्रपट काढतो, तेव्हा आम्ही मराठी प्रेक्षक मोजपट्टी घेऊनच बसतो. गल्ली खरी आहे काय, बोली त्या वस्तीची आहे काय, दारिद्र्याखेरीज या गृहस्थांना काही दिसले की नाही? २००८च्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ने या हिशेबाला पुष्कळ खाद्य पुरवले. त्याच वर्षीच्या ‘टोकियो!’पुढे मात्र ही मोजपट्टी निरुपयोगी ठरते. या तीन लघुपटांचे दिग्दर्शक मिशेल गोंद्री व लेओस काराक्स फ्रान्सचे, बाँग जून-हो कोरियाचे; म्हणजे तिघेही पाहुणे. आम्ही तर तेथे पाऊलही ठेवलेले नाही. आमच्या मनातले टोकियो ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’ने (१९५३) वसवलेले. मग पडद्यावरचे शहर खरे की खोटे, हे ठरवावे कशाने?

आम्ही एक साधी कसोटी लावून पाहिली : कथा उचलून दुसऱ्या शहरात ठेवली तर काय हरवेल?

गोंद्रीचा ‘इंटिरियर डिझाइन’ येथे नापासच व्हावा, कारण त्याचे मूळ गॅब्रिएल बेल यांच्या न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या चित्रकथेत आहे. सिनेमाचे वेड असलेल्या प्रियकरासोबत हिरोको शहरात येते, मैत्रिणीच्या काडेपेटीएवढ्या खोलीत अंग चोरून राहते, भाड्याची घरे पाहत हिंडते. आपला कुणालाच उपयोग नाही, हे मनात घट्ट बसत असताना तिची चक्क लाकडी खुर्ची होते. कुणी एक जण ती खुर्ची घरी नेतो. माणूस म्हणून न मिळालेली जागा तिला वस्तू होऊन मिळते. आणि (हेच भयंकर) ती सुखी असते. कथा उपरी खरी, पण त्या अरुंद खोल्यांत ती अशी चपखल बसते की तिला नापास करण्यास आमचे मन धजत नाही.

काराक्सच्या ‘मेर्द’बाबत असा संकोच नाही. भुयारी गटारातून वर येणारा, फुले आणि नोटा खाणारा त्याचा विचित्र प्राणी जुने हातबॉम्ब फेकून माणसे मारतो. मागे ‘गॉडझिला’चे संगीत. गाडलेल्या युद्धस्मृती वर येतात, हे सूचन धारदार आहे. पुढचा खटला मात्र उगाच लांबतो. २०१२च्या ‘होली मोटर्स’मध्ये हाच प्राणी पॅरिसच्या दफनभूमीत उगवला, तेव्हा टोकियो त्याला केवळ निमित्त होते की काय, अशी शंका बळावली.

बाँगचा ‘शेकिंग टोकियो’ सर्वांत शांत. त्याचा नायक दहा वर्षे घराबाहेर पडलेला नाही. अशांना जपानीत ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. पिझ्झाचे रिकामे खोके त्याने भिंतीसारखे रचले आहेत. दर शनिवारी पिझ्झा येतो, पण आणणाऱ्याच्या नजरेला तो नजर देत नाही. एकदा दिली, आणि त्याच क्षणी भूकंप झाला. ती मुलगी बेशुद्ध पडली. तिच्या अंगावर गोंदलेले बटण दाबल्यावर ती शुद्धीवर येते. पुढे तीही घरात कोंडून घेते, तेव्हा तिच्या शोधात तो उंबरा ओलांडतो.

बाहेर टोकियोचे रस्ते निर्मनुष्य आहेत. ज्या शहराची गर्दी दाखवल्यावाचून कुठल्याच पाहुण्याला राहवत नाही, तेथली गर्दीच या पाहुण्याने पुसून टाकली! सगळे आपापल्या घरांत आहेत. पुन्हा धरणी हलते, तेव्हा ती माणसे रस्त्यावर धावतात, घटकाभर उन्हात उभी राहतात. आणि हादरा थांबताच परत आत जातात.